टेबलावरून उठणं पोकर टूर्नामेंटमध्ये परवडत नाही
पोकर खेळताना 'डोकं तापलं की सरळ उठा' असा सल्ला देतात; तो कॅश गेमपुरता, म्हणजे थेट पैशांवर चालणाऱ्या आणि कधीही सोडता येणाऱ्या खेळापुरता पटतो. टूर्नामेंटमध्ये तुम्ही उठलात तरी ब्लाइंड्स (पाळीनुसार पत्ते बघण्याआधीच लावाव्या लागणाऱ्या सक्तीच्या चिप्स) कापले जातातच, त्यामुळे बसल्या जागीच सावरावं लागतं. मला तिथे आकड्यांचा आधार वाटतो. तुमच्याकडे दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे आणि फ्लॉपआधीच (टेबलावर पहिले तीन सामाईक पत्ते उघडण्याआधीच) सगळ्या चिप्स डावावर, तरीही साधारण 18 टक्के वेळा तुम्ही हरणारच. हे आधीच मनात पक्कं असलं की असा डाव गेल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटत नाही, आणि पुढच्याच डावात वसुली करायची घाई होत नाही.

आणि पत्ते टाकल्यावर कृपया मोबाइल काढू नका. कोण किती बेट लावून शेवटी कुठले पत्ते दाखवतो, हे आपण डावात नसतानाच निवांत बघता येतं.