विंडोज ११ टाकल्यापासून मराठी फॉन्टचा बोजवारा, मदत हवी आहे

गिरगावची डीटीपीवाली:

नमस्कार मंडळी. गिरगावात माझं घरगुती डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, सोसायटीच्या नोटिसा, मधूनच एखाद्या आजोबांचं आत्मचरित्र. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे वर्षभर ऐकत होते, दिवाळीची कामं आटपेपर्यंत ढकललं. मग नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्याने मशीन बघितलं, ११ ला चालेल म्हणाला आणि डिस्क साफ करून नवं विंडोज टाकून दिलं. ‘डेटा सगळा डी ड्राइव्हला ठेवलाय ताई, काळजी करू नका.’ डेटा आहे, जसाच्या तसा आहे. फॉन्ट डेटात धरत नसावेत त्याच्याकडे.

आता तीन प्रकारची दुखणी आहेत.

जुन्या पेजमेकरच्या आणि कोरलच्या (पानं, पत्रिका जुळवायची सॉफ्टवेअर) फाइली उघडल्या की नुसतं इंग्रजी चिन्हांचं कडबोळं. जिथे ‘मराठी’ हा शब्द होता तिथे अंडरस्कोअर, मग लहान ए, लहान एम, मोठा आर, पुढे ग्रेटर दॅनची खूण आणि शेवटी लहान आर. पानंच्या पानं अशी. हे टायपिंग एका जुन्या मराठी पॅकेजमध्ये केलेलं आहे, डोंगल (परवान्याची किल्ली म्हणून मशीनला लावायची खुंटी) लावून चालायचं ते.

वर्डच्या फाइलींत मजकूर वाचता येतो, पण एका पतपेढीचा अहवाल ३२ पानांचा होता तो ४० च्या पुढे गेलाय. अक्षर मोठं झालंय, ताळेबंदाचे तक्ते फुटून रकमा दोन-दोन ओळींत आल्यात. गंमत म्हणजे फॉन्टच्या खान्यात नाव ‘कोकिला’च दिसतंय.

तिसरं दुखणं नवं आहे. भाच्याने मदत म्हणून नेटवरून कुठला तरी ‘मंगल’ उतरवून टाकला. त्यात कोरलमध्ये ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो. पत्रिकेत नवरदेवाचे वडील ॲडव्होकेट आहेत, त्यांच्या नावाआधी रिकामा डबा. असं प्रूफ पाठवलं तर केसच टाकतील माझ्यावर.

मुहूर्त जवळ आहे, प्रेसवाला रोज फोन करतोय. काय करू?

बोरिवली फास्ट:

ताई, सेटिंग्जमध्ये रिकव्हरीत ‘गो बॅक’ असतं बघा. सरळ १० वर परत जा, फॉन्ट येतील.

गिरगावची डीटीपीवाली:

बघितलं. ते बटणच फिकट आहे, दाबलं जात नाही.

खिळेजुळारी:

दाबलं जाणार नाही. ती सोय जुन्या विंडोजवरच अपग्रेड केलं असेल तर, आणि तीही १० दिवसच. तेवढे दिवस जुनं सगळं ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात पडून असतं. तुमची डिस्क साफ केलीय, तेव्हा तो विषय संपला. आणि सपोर्ट नसलेल्या १० वर गिऱ्हाइकाच्या फाइली घेऊन बसू नये असं माझं मत. ‘फॉरमॅट मारा’ असंही कोणीतरी सांगेल, ते अजिबात करू नका. मशीनला काही झालेलं नाही.

तुमची तीन दुखणी दिसायला एकसारखी आहेत, कारणं तिन्हींची वेगळी. सगळ्यांवर एकच औषध शोधत राहिलात तर आठवडा जाईल. सोप्यापासून धरू.

वर्ड. तुमच्या फाइली युनिकोडमध्ये आहेत, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक, म्हणून मजकूर शाबूत आहे. फक्त कोकिला मशीनवर नाही. विंडोज १० आल्यापासून मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह आणि संस्कृत टेक्स्ट हे पाच फॉन्ट मूळ संचातून काढून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या नावाने बाजूला ठेवले आहेत. मूळ संचात देवनागरीसाठी निर्मला यूआय असतो. तुमचं जुनं मशीन विंडोज ७ वरून वर चढत आलेलं असणार, म्हणून तुम्हाला हे कधी जाणवलं नाही. वर्ड फाइलीत लिहिलेलं नाव दाखवत राहतो आणि अक्षरं मात्र हाताशी असलेल्या फॉन्टची लावतो. खात्री करायची तर वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे ‘फॉन्ट सब्स्टिट्यूशन’ उघडा. कोणाच्या जागी कोण बसलाय ते तिथे कळेल.

पानं वाढली त्याचं कारणही हेच. कोकिला आणि अपराजिता अंगाने बारीक. त्याच १४ पॉइंटला निर्मला केवढा तरी मोठा दिसतो. साइज कमी करून पानं बसवायला जाऊ नका, नाहीतर खरा फॉन्ट आल्यावर मुंगीएवढी अक्षरं होतील.

उपाय असा. सेटिंग्ज, सिस्टिम, ऑप्शनल फीचर्स, ‘व्ह्यू फीचर्स’, शोधायच्या जागी देवनागरी टाइप करा (इंग्रजीत), टिक करून इन्स्टॉल. नेट चालू हवं. नाहीतर भाषांच्या यादीत मराठी जोडा, तरी हे फॉन्ट येतात. झाल्यावर एकदा रीस्टार्ट.

चौकोन. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती ५.१ या आवृत्तीत, २००८ साली. भाच्याने उतरवलेला मंगल त्याच्या आधीचा असणार. त्या फॉन्टला हे अक्षर ठाऊकच नाही, म्हणून डबा. तो काढून टाका आणि वरच्या मार्गाने आलेला मंगल ठेवा. दोन मंगल एकत्र नांदवू नका. नेटवर फुकट फॉन्ट वाटणाऱ्या साइटी असलंच जुनंपानं देतात, शिवाय बरोबर काय चिकटून येईल सांगता येत नाही.

(जाता जाता: मंगल काढला तो र. कृ. जोशींनी, आयआयटी मुंबईत शिकवायचे ते. विंडोज २००० बरोबर आला. पडद्यावर वाचायला तो उत्तमच, पण लोकांनी त्यात पत्रिका छापायला सुरुवात केली.)

आता खरं दुखणं, पेजमेकर. तुम्ही जी चिन्हं सांगितलीत ती वाचूनच ओळखलं, हे श्रीलिपी या जुन्या मराठी पॅकेजच्या वळणाचं एन्कोडिंग आहे, म्हणजे कुठल्या चिन्हामागे कुठलं अक्षर ते ठरवणारी सांकेतिक यादी. अंडरस्कोअर म्हणजे ‘म’, ए म्हणजे ‘र’, एम म्हणजे काना, आर आणि ग्रेटर दॅन मिळून ‘ठ’, शेवटचा लहान आर ही दीर्घ वेलांटी. म्हणजे फाइलीत मराठी कधी नव्हतंच. होती ती इंग्रजीची अक्षरं, आणि फॉन्ट त्यांना मराठीचे मुखवटे चढवायचा. मुखवटे गेले, चेहरे दिसले. इथे मंगल काय, निर्मला काय, काही उपयोगाचं नाही. नेमका तोच जुना फॉन्ट हवा.

पॅकेजची मूळ सीडी आहे का? बहुतेक पॅकेजांत फॉन्ट साध्या टीटीएफ फाइलींत असतात. तेवढे इन्स्टॉल केले की जुनी फाइल वाचता आणि छापता येते. डोंगल लागतो तो टाइप करायला. पेजमेकर फाइल उघडताना न सापडलेल्या फॉन्टची यादी दाखवतो, तिचा फोटो काढून ठेवा. आणि बदली फॉन्टला ‘टेम्पररी’च ठेवा. ‘पर्मनंट’ केलंत आणि सेव्ह केलंत तर मूळ फॉन्टचं नाव फाइलीतून पुसलं जाईल. तोवर काहीही सेव्ह करू नका.

बोरिवली फास्ट:

काका, एक नंबर. मी वेलांटी पहिली आणि रफार नंतर एवढंच ऐकून होतो.

गिरगावची डीटीपीवाली:

काका, शतशः आभार. वर्डचं काम फत्ते. ऑप्शनल फीचर्समधून फॉन्ट आले, रीस्टार्ट केलं आणि अहवाल परत ३२ पानांवर. तक्ते आपोआप जागेवर. भाच्याचा मंगल उडवला, वकीलसाहेबांचा ‘ॲ’ आला.

सीडी माळ्यावर होती. ड्राइव्ह कुठून आणणार हा प्रश्न होता, पण आमच्या मजल्यावर एकांकडे बाहेरून लावायचा निघाला. फॉन्ट सापडले, सगळे निवडून राइट क्लिक करून इन्स्टॉल केले. वर्डच्या यादीत दिसतात, पेजमेकरच्या यादीत नाहीत! रीस्टार्टही केलं. आता?

खिळेजुळारी:

‘इन्स्टॉल’ केलंत की ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’? विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून नुसतं इन्स्टॉल म्हटलं की फॉन्ट फक्त तुमच्या लॉगिनच्या फोल्डरात जातो, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात जात नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. ही नवी जागा त्याला कुठून माहीत असणार? आधीचे काढा, पुन्हा निवडा, राइट क्लिक, ‘शो मोअर ऑप्शन्स’, मग ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’. पासवर्ड विचारला तर द्या.

तरीही नाव दिसून अक्षर चुकीचं आलं तर फॉन्टची कॅशे (विंडोजने झटपट वापरासाठी ठेवलेला साठा) बिघडलेली असते. सर्व्हिसेसमध्ये ‘विंडोज फॉन्ट कॅशे सर्व्हिस’ थांबवून परत चालू करा. पण ते नंतर.

सीडीत पीएफबी नावाच्या शेपटीच्या फाइली असतील तर त्या टाइप १ फॉन्टच्या. त्यांच्या नादी लागू नका. अडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या नव्या आवृत्त्यांतून त्यांचा आधार काढलाय.

गिरगावची डीटीपीवाली:

आले!! ‘ऑल यूजर्स’ची किमया. पत्रिका जशी होती तशी उघडली, गणपतीच्या श्लोकापासून ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत.

आता पुढचं. हे सगळं पुढच्या अपडेटला पुन्हा होणार असेल तर सगळ्या फाइली युनिकोडमध्ये करून टाकू का? नेटवर कन्व्हर्टर दिसतात.

खिळेजुळारी:

सगळ्या नको. ज्यांचं गिऱ्हाईक दरवर्षी परत येतं तेवढ्याच करा. बाकीच्या आज फॉन्ट आहेत तोवर पीडीएफ करून ठेवा, पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झालाय ना, म्हणजे फाइलीच्या आतच बसलाय ना, ते बघून. आणि ती फॉन्टची फोल्डर डी ड्राइव्हला आणि पेनड्राइव्हला, दोन्हीकडे.

कन्व्हर्टर चालतात, पण डोळे झाकून नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफार जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. ही अदलाबदल करताना कन्व्हर्टर घसरतो तो नेमका ‘वार्षिक’, ‘आर्थिक’ असल्या शब्दांत, जिथे दोन्ही एकत्र येतात. पतपेढीच्या अहवालात दुसरं असतं काय? शिवाय ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘कुऱ्हाड’ची ‘कुर्हाड’ होते. हे शब्द आधी शोधून तपासा, मग बाकीचं वाचा. आकडे मात्र मूळ छापील प्रतीशी ताडून बघा, त्यात सूट नाही.

युनिकोडचा मजकूर परत पेजमेकरमध्ये ओतू नका, त्याला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. इनडिझाइन घेतलंत तर परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोजर लावायला विसरायचं नाही, नाहीतर तिथेही पाय मोडलेली अक्षरं येतील. वर्डमध्ये फॉन्ट बदलूनही मराठी जागची हलली नाही तर फॉन्टच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा वेगळा खाना असतो, देवनागरी तिथून ठरते.

फॉन्टची पंचाईत नाही. आपल्या मुंबईच्याच एक टाइपचा मुक्ता अहवालाला छान, वजनंही भरपूर. आयआयटी मुंबईचा शोभिका पुस्तकाला बरा. ‘ल’ आणि ‘श’ अस्सल मराठी वळणाचे हवे असतील, ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात आहेत तसे, तर टिरो देवनागरी मराठी बघा. तिन्ही फुकट, आणि परवाना चोख.

बोरिवली फास्ट:

आणि ताई, प्रेसला कोरलची फाइल पाठवताना एक प्रत ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज’ करून पाठवा. त्याच्या मशीनवर फॉन्ट असो नसो, फरक पडत नाही. मूळ फाइल मात्र वेगळी ठेवा, कर्व्ह केलेल्यात नंतर स्पेलिंग सुधारता येत नाही.

गिरगावची डीटीपीवाली:

पत्रिका तशीच पाठवली, प्रेसवाला शांत आहे.

एकच राहिलंय. डोंगल अजून चालत नाही, विंडोज म्हणतं ड्रायव्हर जुना आहे आणि मेमरी इंटिग्रिटीमुळे अडवलाय. ते संरक्षण बंद करा असं एकाने सुचवलं, पण बँकेचे व्यवहारही याच मशीनवर होतात, तेव्हा ते करणार नाही. म्हणजे नवं टायपिंग आता युनिकोडमध्येच. माझा हात टाइपरायटरवर बसलेला, तीही परीक्षा पास होऊन. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची सरकारी प्रमाण मांडणी) आणि फोनेटिक एवढेच दोन कीबोर्ड दिसतात. टाइपरायटरवरून इनस्क्रिप्टवर कोणी गेलंय का इथे? आधीचा वेग परत यायला किती काळ लागला, आणि मधल्या काळात कामं कशी निभावली? फोनेटिक सुचवू नका, प्रत्येक शब्द मनात इंग्रजीत लिहायचा म्हटलं की माझी बोटं अडतात.