'निशावेल' २४० वर्षांची, मग तिच्या फळ्या कुणी बदलल्या?

घोडबंदरचा वारा
आपल्या ठाण्याच्या गटाने रचलेल्या काल्पनिक जगात 'निशावेल' ही तीन डोलकाठ्यांची गुराब, म्हणजे जुन्या काळचं लढाऊ जहाज, आहे. बांधणी कल्याणच्या खाडीत, आजवर पाच तांडेल (कप्तान), पाच ताफे (खलाशांचे संच), सात लढाया आणि एक शाप. माझं मत स्पष्ट आहे: कोपरीची कल्पना यांनी लिहिलंय ते जहाजाचा इतिहास नव्हे, तांडेलांची वंशावळ आहे. इतक्या वर्षांत ती एकदाही किनाऱ्यावर ओढलेली नाही! आपल्या उबदार खाऱ्या पाण्यात टेरेडो, म्हणजे जहाजाला लागणारा किडा, लाकूड आतून पोखरतो. वरून फळी धडधाकट दिसते आणि सुतार टोचा मारतो तेव्हा टोचा आरपार जातो. गोड्या पाण्यात हा प्राणी मरतो, पण दोन दिवसांत नाही, कारण तो बिळाचं तोंड बंद करून आत तग धरतो. पावसाळाभर जहाज उल्हास नदीत वर नेऊन ठेवलं, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी पुष्कळ होतं.

कोपरीची कल्पना
अहो, टेरेडोला घाबरून जादूच्या गोष्टी कोण वाचतं? शाप हीच तिची दुरुस्ती आहे. फळी स्वतःहून भरून येते, त्या बदल्यात एका खलाशाची एक वर्षाची आठवण जाते. म्हणूनच तिसऱ्या ताफ्याला दुसऱ्याची नावं माहीत नाहीत. यात कोणता सुतार बसवायचा?

घोडबंदरचा वारा
हे छान आहे, पण मजकुरात कुठेच नाही. शिवाय तुमच्याच दुसऱ्या भागात तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेत, तेही लोखंडी खिळ्यांनी. इंग्रजांच्या आरमाराने १७६१ मध्ये 'अलार्म' जहाजावर तांबं लावून पाहिलं तेव्हा नेमकं हेच नडलं. खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारचं लोखंड झपाट्याने गंजून झिजतं, खिळे सुटतात. शापाने लाकूड भरेल हो, खिळा कसा भरणार?

ऐरोली ओहोटी
तुम्ही दोघं लाकडात अडकलात, चूक माणसांत आहे. अठराव्या शतकातल्या वर्णनात तीन डोलकाठ्यांची गुराब साधारण ३०० टनांची, दोनची १५० च्या आत. नाळेतून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकातून, समोर रोखलेल्या दोन तोफा, ९ किंवा १२ पौंडी गोळ्यांच्या. तुमच्या चौथ्या ताफ्यात फक्त २२ जण आहेत, आणि तेच वल्ही मारतात, तेच तोफा डागतात, तेच शीड फिरवतात!

मुळात ४०-५० वल्ही हे गलबताचं काम. गलबत फार तर ७० टनांचं, वल्ह्यांवर तासाला चारेक मैल जाणारं. वारा पडला की गलबतंच गुराबेला ओढून न्यायची. म्हणजे 'निशावेल'च्या इतिहासात निदान दोन गलबतं आणि ऐंशी-शंभर वल्हेकरी हवेत. त्यांचं नाव कुणीच घेत नाही.

आणि त्रिकोणी शीड सहजासहजी वाऱ्याच्या तोंडावर वळत नाही. वारा पाठीवर घेऊन वळायचं, शिडाची खालची दोरी सोडायची, परमाण (शीड बांधलेला आडवा वासा) उभं करत डोलकाठीपुढून दुसऱ्या बाजूला न्यायचं. मध्ये झोत आला तर शीड डोलकाठीवर चिकटतं आणि काठी मोडते. तुमच्या पाचव्या लढाईत हे 'एका श्वासात' उरकलंय.

सागवान
लाकडाबद्दल एक. मुंबईत बांधलेली सागवानी 'ट्रिंकोमाली' १८१७ ची आहे आणि आजही हार्टलपूलला तरंगते. तेव्हा २४० वर्षं अशक्य नाहीत.

घोडबंदरचा वारा
तरंगते, पण मोठी दुरुस्ती करूनच. माझाच मुद्दा झाला की हा.

कोपरीची कल्पना
बरं, खिळ्यांचं मान्य. पत्रे पुढच्या आवृत्तीत काढते. पण वल्हेकऱ्यांचं सगळं लिहिलं तर गोष्टीची खतावणी होईल.

ऐरोली ओहोटी
होऊ दे की! १२० माणसं, पिणं आणि भात धरून दिवसाला चार लिटर पाणी, २५ दिवस: १२,००० लिटर. म्हणजे १२ टन नुसतं पाणी. तिसरा ताफा महिनाभर बंदराला न लागता शापापासून पळत राहतो. तिथे टाकी फुटली की गोष्टीला किती धार येते बघा. शिवाय पळतात श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आधी. त्या दिवसांत गुराब किनाऱ्यावर शाकारलेली असायची.

सागवान
आणि पहिला ताफा? १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीत महाराजांच्या जहाजांवर पोर्तुगीज कारागीर होते आणि ते काम सोडून गेले. अर्धवट सांगाड्यावर राहिलेल्या सुतारांपासून सुरुवात केली तर शापालाही कारण मिळेल.

कोपरीची कल्पना
हे घेते. वल्हेकऱ्यांची आठवण मात्र जाऊ देणार नाही, शाप फक्त डेकवरच्यांना.