अनंताला गार्डेनिया का म्हणतात? कोण हा डॉक्टर गार्डन?

लालबागची लेक:
नमस्कार मंडळी, प्रश्न येडपट वाटेल पण विचारतेच. परवा दादरला हातगाडीवाल्याकडून अनंताचं रोप घेतलं. आमच्या चाळीत नळाशेजारी मोठं झाड होतं, आई रोज सकाळी एक फूल देवाला नि एक अंबाड्यात, तेव्हापासून तो वास डोक्यात बसलाय. तर पिशवीला चिठ्ठी होती 'गार्डेनिया'. आमचा आठवीतला चिरंजीव म्हणाला गार्डनमध्ये उगवतं म्हणून गार्डेनिया, मी म्हटलं असेल बाबा. मग त्यानेच फोनवर शोधलं तर निघालं की अलेक्झांडर गार्डन नावाचा जुना अमेरिकेतला डॉक्टर होता त्याच्यावरून. म्हंजे आपला अनंत अमेरिकेतून आलाय का?? आणि डॉक्टरचा फुलाशी काय संबंध? सांगा कुणीतरी, पोरगा डोकं खातोय.

फास्टलोकल:
अनंत आणि गार्डेनिया एकच हे मला आत्ता कळतंय 😄 इतकी वर्षं मी गार्डेनिया म्हणजे साबणाचा वास समजत होतो.

वाचनवेडा:
ताई, चिरंजीवाला शाबासकी द्या, बरोबर शोधलंय. पण फूल अमेरिकेतलं नाही, ते मूळचं चीनकडचं. आणि गंमत म्हणजे त्या डॉक्टरने ना ते शोधलं ना लावलं.

गार्डन जन्माने स्कॉटिश, १७३०चा. ॲबर्डीन आणि एडिंबराला डॉक्टरी शिकला आणि १७५२ मध्ये दक्षिण कॅरोलिनात आला, पुढे चार्ल्सटन गावात प्रॅक्टिस. तेव्हा अमेरिका हा देशच नव्हता, इंग्रजांच्या वसाहती. दमट उकाडा, डास, ताप, म्हणजे आपल्यासारखंच, त्यात ह्याची स्वतःची तब्येत नाजूक. १७५४ मध्ये हवापालटासाठी उत्तरेला न्यूयॉर्ककडे गेला आणि तिथे कोल्डन नावाच्या दुसऱ्या डॉक्टरकडे त्याला स्वीडनच्या लिनियसची पुस्तकं बघायला मिळाली. झाडांना दोन शब्दांची लॅटिन नावं द्यायची पद्धत ज्याने रुजवली तोच लिनियस. झालं, याला वेडच लागलं. परत आल्यावर दिवसभर पेशंट आणि उरलेल्या वेळात झाडं, मासे, साप जमवून युरोपात पेट्या पाठवणं. लिनियसला पत्रं लिहिली तर सुरुवातीला उत्तरच येईना. मग लंडनचा व्यापारी आणि हौशी निसर्गअभ्यासक जॉन एलिस मध्ये पडला.

नावाची भानगड तर अजून मजेशीर. त्या कोल्डनची मुलगी जेन, अमेरिकेतल्या पहिल्या बाई वनस्पतिशास्त्रज्ञांपैकी एक, तिनेच आधी एका झाडाला गार्डेनिया नाव सुचवलं होतं, पण त्या झाडाचं आधीच बारसं झालेलं निघालं. एलिसनेही दुसऱ्या एका झाडासाठी खटपट केली, लिनियस नाही म्हणाला. मग एक कप्तान आफ्रिकेच्या टोकावरून, केप ऑफ गुड होपहून, एक सुवासिक डबल फुलाचं झाड, म्हणजे आपला अनंतच, घेऊन इंग्लंडला आला. लोकांनी त्याला केपची जाई म्हणायला सुरुवात केली, पण एलिसने बघितलं तर हे जाईच्या कुळातलंच नाही. नवीन कूळ, नाव रिकामं, लावलं गार्डनचं. लिनियसनेही या वेळी मान डोलावली. १७६०-६१ची गोष्ट.

त्याचं स्वतःचं खरं काम माझ्या मते वेगळंच आहे. तिथल्या दलदलीत सायरन नावाचा प्राणी मिळतो, दिसायला वाम, पण पुढे दोनच पाय, मागचे गायब, कल्ले पण आहेत आणि फुप्फुसं पण. हा त्याने लिनियसला पाठवला तर लिनियसला तो कुठल्याच खणात बसवता येईना, म्हणून १७६६ मध्ये त्याच्यासाठी नवीन गणच काढावा लागला. फुलाऐवजी याला गार्डनचं नाव हवं होतं! पण मग कुणी अंबाड्यात माळलं नसतं म्हणा.

निवृत्त_मास्तर:
छान लिहिलंत. दोन गोष्टी घालतो. १७६०च्या देवीच्या साथीत चार्ल्सटनमध्ये देवी टोचून घ्यायला झुंबड उडाली आणि हा त्यात रात्रंदिवस राबला. तेव्हा जेन्नरची लस नव्हती, खऱ्या देवीच्या फोडातलंच द्रव्य टोचायचे, जोखमीचं काम. लस आपल्या मुंबईत आली १८०२ मध्ये.

दुसरं म्हणजे पिंकरूट. तिथले मूळ रहिवासी चेरोकी लोक या झाडाची मुळी जंतांवर वापरायचे, गार्डनने त्याचा अभ्यास करून एडिंबराला लिहून पाठवलं. आणि योगायोग बघा, आपल्याकडे जंतांवर आणि दात येणाऱ्या पोरांना देतात ती डिकेमाली, ती उग्र वासाची, ती पण गार्डेनियाच! अनंताची सख्खी चुलत बहीण. एकीच्या वासाने माणूस जवळ येतो, दुसरीच्या वासाने पळतो.

बाल्कनीतली बाग:
सगळं ठीक पण फार देव्हाऱ्यात बसवू नका त्याला. बंदरात येणारी गुलामांची जहाजं तपासायला हाच जायचा, आतली घाण आणि दुर्गंधी त्याने स्वतः लिहून ठेवलीय, तरी पुढे स्वतःची मोठी प्लँटेशन घेतली आणि ती गुलामांच्याच जिवावर चालायची.

वाचनवेडा:
मान्य. आणि शेवटही वाईटच झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हा इंग्रज राजाच्या बाजूने, मुलगा मात्र बंडखोरांच्या सैन्यात. इंग्रज हरले, जायदाद जप्त, १७८२च्या अखेरीस चार्ल्सटन सोडून लंडनला, तिथेच १७९१ मध्ये क्षयाने गेला. मुलाला त्याने शेवटपर्यंत माफ केलं नाही. मुलाने आपल्या पोरीचं नाव गार्डेनिया ठेवलं होतं, तरी आजोबाने नातीचं तोंड बघितलं नाही असं सांगतात.

लालबागची लेक:
बाई गं. नातीचं नाव गार्डेनिया गार्डन?? चिरंजीव हसून हसून लोळला आणि मग एकदम म्हणाला पण आजोबांनी बघितलं का नाही. काय सांगू त्याला. सगळ्यांचे आभार. आता एकच, रोपाची पानं पिवळी पडायला लागलीत, कळ्या पण गळतायत, काय करू?

बाल्कनीतली बाग:
ताई, टँकरचं किंवा बोअरचं पाणी घालत असाल तर आधी ते बंद करा, अनंताला खारट पाणी नि चुन्याची माती चालत नाही, आंबट माती लागते. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं असेल तर लोह कमी पडतंय, नर्सरीत चिलेटेड आयर्न मिळतं ते थोडंसं द्या. आणि कुंडी सारखी इकडून तिकडे हलवू नका, कळ्या त्यानेही गळतात. पावसाचं पाणी मात्र खुशाल पिऊ दे.