फ्रीजच्या पडद्यावर पंख्याच्या बिघाडाचा कोड: पंखा बदलावा, कार्ड बदलावे की कारण दुसरेच आहे?

वाशिष्ठीकाठ (प्रश्न)

आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी घेतलेला, दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री (आतला बर्फ आपोआप वितळवणारा) फ्रीज आहे. आम्ही चिपळूणला राहतो. सध्या पावसाळा ऐन भरात असून स्वयंपाकघराच्या भिंतींनाही ओल आली आहे. साधारण पंधरवड्यापूर्वी फ्रीजरच्या मागील बाजूने मधूनमधून खरखर ऐकू येऊ लागली. दार उघडले की ती तत्काळ थांबे आणि दार लावल्यावर थोड्या वेळाने पुन्हा सुरू होई. चार दिवसांनी आवाज आपोआप बंद झाला, म्हणून आम्हाला बरे वाटले. परंतु दुसऱ्याच दिवशी खालच्या कप्प्यातील दूध नासले आणि पडद्यावर एक कोड दिसू लागला, ज्याचा अर्थ माहितीपुस्तिकेत 'फ्रीजरच्या पंख्यात बिघाड' एवढाच दिला आहे. वरच्या कप्प्यात बर्फ अजूनही होतो आणि कंप्रेसर जवळजवळ अखंड चालू असतो.

दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी फ्रीज न उघडताच 'कार्ड (फ्रीजचे काम नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेले आहे' असे सांगून साडेसहा हजारांचा अंदाज दिला. कोड पंख्याचा असताना कार्ड कसे गेले, या प्रश्नावर त्यांनी 'दोन्ही बदलून टाकू' असे उत्तर दिले. खर्चाला ना नाही, पण नेमके काय बिघडले आहे हे कोणत्या क्रमाने तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मोटार_वाइंडर

माझ्या अनुभवात हा कोड आला की बहुतेक वेळा पंख्याची मोटारच गेलेली असते. ती बदलायला अर्धा तास पुरतो आणि कार्डाच्या तुलनेत ती बरीच स्वस्त पडते. त्यामुळे आधी मोटार बदलावी आणि कोड गेला नाही तरच कार्डाकडे वळावे.

शीतकपाट

वरील सल्ल्याशी मी सहमत नाही. एकेक भाग बदलून पाहणे म्हणजे ग्राहकाच्या पैशाने निदान करणे होय.

प्रथम या कोडचा अर्थ नीट समजून घेऊ. आजकालच्या बहुतेक फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये आत बारा व्होल्टच्या आसपास चालणारा डीसी पंखा असतो. त्याला किमान तीन तारा येतात: एक पुरवठ्याची, एक ऋण आणि एक पंख्याकडून कार्डाकडे परत जाणारी. पंखा फिरत असताना या तिसऱ्या तारेवरून ठरावीक गतीने स्पंद जातात आणि ते मोजून कार्डाला पंखा फिरत असल्याचे कळते. स्पंद आले नाहीत की कार्ड काही वेळ वाट पाहते, पंखा पुन्हा सुरू करून पाहते आणि मग कोड दाखवते. थोडक्यात, मोटार जळल्याचे कार्डाला कळलेले नसते. स्पंद येत नाहीत एवढेच त्याला कळलेले असते. पाती बर्फात अडकली, कनेक्टर ढिला झाला, उंदराने तार कुरतडली किंवा मोटार खरोखरच गेली, तरी कोड तोच येतो. इतकेच काय, पंखा डोळ्यांदेखत फिरत असूनही केवळ तिसरी तार तुटल्यामुळे कोड आल्याचे मी पाहिले आहे.

आपल्या वर्णनातील सर्वांत मोलाची गोष्ट ती खरखर आहे. दार उघडल्यावर आतला पंखा थांबतो, कंप्रेसर मात्र चालू राहतो. त्यामुळे दार उघडताच थांबणारा आवाज पंख्याचाच असणार. आधी खरखर आणि मग एकाएकी शांतता, या क्रमावरून पात्यांना आधी बर्फ घासू लागला आणि शेवटी त्याने ती धरून ठेवली, असा माझा अंदाज आहे. वर गार आणि खाली कोमट हेही त्याला धरूनच आहे, कारण थंडावा फ्रीजरच्या मागच्या फळीआड असलेल्या कॉइलवर, म्हणजे गार होणाऱ्या नळीच्या वेटोळ्यावर, तयार होतो, पण तो खाली पोहोचवण्याचे काम पंख्याचे असते.

तपासणीची सुरुवात पैसे न खर्च करता करावी. फ्रीज रिकामा करून प्लग काढावा, दोन्ही दारे उघडी ठेवावीत, खाली जुनी चादर अंथरावी आणि पूर्ण चोवीस तास तसेच राहू द्यावे. चार-पाच तासांनी फळीमागचा बर्फ वितळेलच असे नाही आणि अर्धवट वितळलेला बर्फ पुन्हा गोठून दिशाभूल करतो. सुरी, पेचकस किंवा हातोडी यांना हात लावू नये. कॉइलची नळी बहुधा अॅल्युमिनियमची असते, तिला छिद्र पडले तर दुरुस्ती कार्डाहून महाग पडते; शिवाय अलीकडच्या बऱ्याच फ्रीजमधला वायू ज्वालाग्राही आयसोब्युटेन असतो.

त्यानंतर फ्रीज सुरू करून दाराचे बटण बोटाने दाबून धरावे (म्हणजे दार बंद आहे असे फ्रीजला वाटते) आणि फ्रीजरच्या झरोक्याशी हात नेऊन वारा येतो का पाहावे. कंप्रेसर सुरू व्हायला काही मिनिटे लागतात, तेवढा धीर धरावा. पंखा मुळीच फिरला नाही तर कनेक्टरवर पुरवठा येतो का ते मोजावे: पुरवठा येऊनही पंखा स्वस्थ असेल तर मोटार बदलावी, आणि पुरवठाच नसेल तर तारा तपासून मगच कार्डावर संशय घ्यावा. पंखा व्यवस्थित चालला आणि आठ-दहा दिवसांनी कोड परत आला, तर मोटार व कार्ड दोन्ही बहुधा ठीक असून बर्फ वितळवणारी यंत्रणा काम करत नाही असे समजावे.

वाशिष्ठीकाठ

आपण सांगितल्याप्रमाणे चोवीस तास फ्रीज बंद ठेवला. चादर पुरली नाही, दोनदा पाणी टिपावे लागले. नंतर पंखा छान चालू लागला, परंतु काल, म्हणजे नवव्या दिवशी, आधी खरखर आणि मग तोच कोड परत आला. आता पुढे काय पाहावे?

शीतकपाट

म्हणजे डीफ्रॉस्टकडेच, बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेकडेच, वळावे लागेल. हे काम ओळखीच्या मेकॅनिकच्या हातून, प्लग काढून करून घ्यावे, कारण या भागात 230 व्होल्ट खेळतात. फ्रीजरच्या आतली मागची फळी काढल्यावर संपूर्ण कॉइल पांढऱ्या बर्फाने एकसारखी भरलेली दिसली तर तो बर्फ वितळवणारा हीटर चालत नाही. बर्फ फक्त तळाशी लादीसारखा असेल तर पाणी वाहून जाण्याचे भोक तुंबलेले असते.

हीटर दीडशे ते दोनशे वॅटचा असल्यास त्याचा रोध साधारण 260 ते 350 ओहम यायला हवा. त्याच्याबरोबर एकसरीत एक थर्मल फ्यूज (फार तापल्यास उडून हीटर बंद पाडणारा) आणि काही मॉडेलमध्ये बायमेटलही (गारव्यात जुळणारा आणि उष्णतेने उघडून हीटर बंद करणारा स्विच) असते. येथे एक चूक वारंवार होते: बायमेटल खोलीच्या तापमानाला उघडेच असते, म्हणून टेबलावर मोजून ते 'गेले' असे ठरवले जाते. ते शेजाऱ्यांच्या फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवून, बाहेर काढताक्षणी मोजावे.

ओली_हवा

एक पुरवणी जोडते. आम्ही मालवणला राहतो. दर पावसाळ्यात आमच्याकडे असाच बर्फ जमत असे आणि त्याचे मूळ दाराच्या रबरात निघाले. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती सहज निसटली तर तेथून दमट हवा आत शिरत असते. ताईंनी किंवा दादांनी, जे कोणी असाल त्यांनी, चारही कोपरे तपासावेत.

वाशिष्ठीकाठ

दादा आहे. आपणा सर्वांचे आभार. गावातल्या मेकॅनिककडून फळी उघडून घेतली, तेव्हा कॉइल वरपासून खालपर्यंत कापसाच्या गादीसारखी पांढरी झाली होती आणि पंख्याच्या एका पात्याला बोटभर बर्फ चिकटला होता. हीटरचा रोध 290 ओहम आला, म्हणजे तो ठीक होता. फ्यूज मात्र उडालेला होता. शेजारच्या वहिनींच्या फ्रीजरमध्ये गार करून बायमेटल मोजले आणि मग ते हातात धरून कोमट होऊ दिले, तरी ते उघडलेच नाही. चिकटून राहिलेल्या बायमेटलमुळे हीटर वेळेवर बंद झाला नसावा आणि त्यामुळेच फ्यूज उडाला असावा, असे मेकॅनिकचे म्हणणे पडले. दोन्ही मिळून एकाच जोडणीत मिळतात, तीच बदलली. मजुरीसह नऊशे रुपये झाले. मोटार जुनीच, कार्डही जुनेच.

कागदाची पट्टी खालच्या दाराच्या बिजागरीकडील कोपऱ्यात निसटली. गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने शेकल्यावर रबर बरेचसे पूर्ववत झाले. आज पाच आठवडे झाले, खरखर नाही आणि कोडही नाही.