'सिच्युएशनशिप'ला आपल्याकडे काय म्हणायचं?

चहाबाज: आमच्या चौघांच्या टोळक्यात सध्या दोघांचं 'बोलणं चालू' आहे, एकीचं बंद पडलंय आणि मी प्रेक्षक. सोलापुरात पार्क चौकात चहाला बसलं की विषय हाच, आणि गाडी शब्दांवर अडते. लफडं, भानगड, प्रकरण... ऐकूनच गुन्हा दाखल झाल्यासारखं वाटतं. 'प्रेमसंबंध' म्हटलं की पुढे 'या कारणावरून हाणामारी' येणारच. रात्री दोनपर्यंत मेसेज, पण 'आपण एकमेकांचे कोण?' विचारलं की समोरचा गप्प. याला शब्द सुचवा. 'अनिश्चित नातेसंबंध' नको, ते परिपत्रक वाटतं.

कडक भाकरी: शब्द हाय की बे. तळ्यात-मळ्यात. लहानपणी चुकलं की बाद व्हायचो, हितं कुणी बादच होत नाही.
वाक्यात उपयोग: "काय करलालास बे तिच्यासोबत?" "काय नाय, तळ्यात-मळ्यात चालू हाय."

चहाबाज: मंजूर. आता घोस्टिंग?

सातरस्ता: 'कटवलं' आहे ना.

माळ्यावरची पेटी: नाही. कटवणारा निदान थाप तरी मारतो, 'घरी पाहुणे आलेत' वगैरे. वाटाण्याच्या अक्षता लावणाराही समोर उभा असतो. घोस्टिंगमध्ये माणूसच नाहीसा, आणि दोन तासांनी स्टेटसला हुरड्याचे फोटो. आम्ही 'गुल झाला' म्हणतो. तेच बरोबर आहे.

जास्वंद: माझी अडचण वेगळी. मला मुलं आवडतात, मुलीही आवडतात. मैत्रिणींना शुद्ध मराठीत सांगायचं ठरवलं आणि म्हणाले, "मी उभयलिंगी आहे." एक क्षण शांतता, मग एकीने विचारलं, "म्हणजे गांडूळ?" चूक तिची नाही. शाळेत आपण तो शब्द गांडूळ आणि जास्वंदीच्या फुलासाठीच शिकलो, नर-मादी दोन्ही अवयव एकाच शरीरात असणारे. माझ्यासाठी नेमका शब्द 'उभयलैंगिक', कारण इथे प्रश्न आकर्षणाचा आहे, शरीररचनेचा नाही. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले, पण आमचे शब्द अजून प्रयोगशाळेच्या कपाटात बरण्यांत आहेत. मैत्रिणी आता मला लाडाने 'जास्वंद' म्हणतात. गांडुळापेक्षा बरं.

कडक भाकरी: लई भारी. 'बायसेक्शुअल'चं नुसतं 'बाय' म्हणलीस तर आमची आजी टाटा करंल.

माळ्यावरची पेटी: 'कन्सेन्ट'ला मात्र सोलापुरात कोश उघडायची गरज नाही. गड्ड्याच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो, तो संमती कट्ट्यावर. अक्षता पडतात त्या संमती वाचन झाल्यावर, हजारो माणसांसमोर. आधी संमती, मग अक्षता, हा क्रम इथे लहान पोरालाही पाठ असतो. हेच पोर मोठं झाल्यावर 'ती लाजते म्हणजे हो' असं कुठून शिकतं, देव जाणे.

सातरस्ता: शब्द चांगला, पण हात धरण्याआधी 'तुझी संमती आहे का?' विचारलं तर पोरगी म्हणेल, सही कुठं करू? रोजच्या बोलण्यात 'चालंल का?' पुरतं.

जास्वंद: पुरतं, फक्त उत्तर नीट ऐकायचं. 'बघू' आलं तर ते नाहीच धरायचं. मुलगी बघायला येऊन पोहे खाऊन 'कळवतो' म्हणणाऱ्यांनी परत कधी कळवलंय?