कथालेखनासाठी नोकरी सोडावी का?

रामबागकर
इंदुरात मराठी कथा लिहू लागलेले काही तरुण अलीकडे नोकरी सोडण्याविषयी सल्ला विचारतात. माझे उत्तर स्पष्ट आहे: सोडू नये. मराठी ललित पुस्तकाची आवृत्ती एके काळी साधारण १,००० प्रतींची निघे. आता ती ५०० किंवा ३०० प्रतींवर येते. ५०० प्रती, ३०० रुपये किंमत आणि दहा टक्के रॉयल्टी धरली, तर शेवटची प्रत खपल्यावर हाती पडतात १५,००० रुपये. एवढ्यात इंदुरात दोन महिन्यांचे भाडेही धड निघत नाही. आपल्याच होळकर महाविद्यालयात शिकलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत. भाषा वेगळ्या, पण पोटासाठी दोघांनाही अध्यापन करावे लागले. थोरल्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह तर १९६४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर निघाला.

सराफ्यातला निशाचर
रामबागकर, आपला हिशेब बिनचूक आहे, पण तो फक्त छापील पुस्तकाचा आहे. ऑडिओ मालिका, वाचनाची अ‍ॅप आणि वेबमालिका यांना आज सतत कथा लागतात, आणि घरात मराठी व बाहेर हिंदी बोलत वाढलेल्या इंदूरकराला दोन्ही बाजार खुले आहेत. शिवाय ज्या अध्यापनाचा आपण दाखला देता, ते आता राहिले आहे कोठे? जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत आणि मराठी कथा लिहीत, हे खरे. पण त्या नोकरीला लांब सुट्ट्या होत्या आणि महिन्याचा पगार ठरलेला होता. आजचा ‘अतिथी विद्वान’, म्हणजे महाविद्यालयातला तात्पुरत्या नेमणुकीवरचा प्राध्यापक, पुढच्या सत्राच्या काळजीत असतो, आणि सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीतून रात्री परतणाऱ्या मुलीकडे कादंबरीसाठी लागणारी सलग बैठक कोठून येणार? नोकरी लेखकाला जगवते असे म्हणताना ती त्याचे किती लेखन खाते, हेही मोजावे लागेल.

रामबागकर
सुट्ट्यांचा मुद्दा मान्य. मात्र ऑडिओ मालिकेत भागांची लांबी, कथेची वळणे, कधी कधी शेवटही कंपनी ठरवते, आणि बहुधा एकरकमी पैसे देऊन हक्क स्वतःकडे ठेवते. ते काम प्रतिष्ठेचे असेल, पण तीही नोकरीच आहे. फक्त भविष्यनिर्वाह निधी नसलेली.

तुकोगंजची वकील
काका, हक्क कंपनीकडे जातात ते लेखक सही करतो म्हणून. कागद न वाचता सही करणारे लेखक माझ्याकडे येतात, तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ मधील कलम १९ प्रमाणे हक्क-हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. आणि करारात वेगळे म्हटले नसेल, तर वर्षभर न वापरलेला हक्क संपुष्टात येतो. छापील पुस्तक, अनुवाद, ध्वनिमुद्रण आणि चित्रपट हे हक्क वेगवेगळे देता येतात. प्रताधिकार लेखकाच्या हयातीनंतरही ६० वर्षे चालतो, म्हणजे ती घरच्यांचीही मिळकत आहे. नोकरी सोडा अथवा ठेवा. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमचे’ एवढी ओळ मात्र खोडून घ्या.

सराफ्यातला निशाचर
ताई, ती ओळ नवोदिताने खोडली तर कंपनी दुसरा नवोदित शोधेल. खोडण्याची ताकद चार कथा गाजल्यावर येते, आणि त्या चार कथा लिहायला वेळ हवा, म्हणूनच मी नोकरीतून वर्षभर तरी बाहेर पडावे म्हणतो.

रामबागकर
वर्षभर चालेल; पण त्या वर्षाचा खर्च आधी बँकेत हवा, आणि तो वडिलांच्या पेन्शनमधून काढलेला नसावा.