शब्दचर्चा : रुंद पंखांच्या ‘टाचणी’ला मराठीत काय म्हणावं?

राईनकर
जर्मनीत आमच्या घराजवळ एक संथ ओढा आहे. मे-जूनपासून त्यावर एक देखणा कीटक दिसायला लागतो. चतुराच्या जातकुळीतला, पण अंगानं सडसडीत. धातूसारखं चकाकणारं निळं-हिरवं शरीर आणि नराच्या चारही पंखांवर गडद निळा रुंद पट्टा. प्रजाती कॅलॉप्टेरिक्स, जाती स्प्लेंडेन्स. इथे त्याला ‘प्राख्टलिबेले’ म्हणतात. लिबेले म्हणजे चतुर-टाचण्यांचं सगळं खटलं आणि प्राख्ट म्हणजे थाट, दिमाख. इथल्या मराठी मुलांसाठी ओढ्याकाठच्या फेरीचं एक पान मराठीत लिहितोय. ‘चतुर’ लिहिणं बरोबर नाही आणि ‘टाचणी’ लिहिलं तर एवढे पंख बघून मुलं हसतील. सुचवा काहीतरी.

ओढ्याकाठी
टाचणीच लिहा. कीटक बघत हिंडणारी मराठी मंडळी ड्रॅगनफ्लायला चतुर आणि डॅमसेलफ्लायला टाचणी म्हणतात, आणि ते आता चांगलं रुळलंय. चतुर बसला की पंख आडवे पसरलेले राहतात. टाचणी बहुधा पंख मिटून पाठीवर धरते (काही टाचण्या अर्धवट उघडे ठेवतात, पण मुलांच्या पानावर तो फाटा नको). चतुराचे डोळे बहुतेक वेळा एकमेकांना टेकलेले असतात, टाचणीचे डोक्याच्या दोन टोकांना. बारीक दांडी आणि तिच्या टोकाला डोकं, एवढ्यावरच नाव पडलंय. त्यात पंखांचा संबंध आला कुठे?

तिरकस मात्रा
दांडीचं मान्य. पण नेहमीच्या टाचणीचा पंख मुळाशी देठासारखा निमुळता असतो. कॅलॉप्टेरिक्सच्या कुळात देठच नसतो, पंख बुडापासूनच रुंदावत जातो. त्यामुळे उडणंही फडफडतं आणि लांबून फुलपाखरू वाटतं. नुसतं ‘टाचणी’ म्हटलं की नेमकी हीच गोष्ट निसटते.

कॅलॉप्टेरिक्स हे नाव लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं 1815 साली दिलं. ग्रीक ‘कालोस’ म्हणजे सुंदर आणि ‘प्टेरिक्स’ म्हणजे पंख. हेलिकॉप्टरमधला ‘प्टर’ याच घरातला, म्हणजे पोरं चतुराला हेलिकॉप्टर म्हणतात तेव्हा नकळत ग्रीकच बोलतात! संस्कृत ‘पत्र’ याचा जुना अर्थही पंख, आणि तो शब्दही याच घराण्यातला. तर मग ‘सुपत्रा’ कसं वाटतं?

कातळ
सुपत्रा म्हटलंत तर लोक आधी पोस्टमन शोधतील, मग स्थळ.

शब्द घडवायची घाई कशाला? याच कुळातली टाचणी आपल्या सह्याद्रीतही आहे. न्यूरोबेसिस चायनेन्सिस. जंगलातल्या वाहत्या ओढ्यावर, उन्हाचा कवडसा पडेल अशा दगडावर नर बसलेला असतो. पंख मिटलेले असताना तपकिरी-तांबूस दिसतो, लक्षही जात नाही. पंख उघडले की मागच्या जोडीतून हिरवा-निळा रंग असा भपकन पेटतो की बाजूचा माणूस ‘अरे!’ म्हणतो. पुढची जोडी मात्र पारदर्शक. हा रंग पंखाच्या सूक्ष्म रचनेतून येतो, म्हणून कोन बदलला की विझतो. तिला मी सरळ ‘मोरपंखी टाचणी’ म्हणतो. मोरपंखी रंग साडीमुळे सगळ्यांना ठाऊक आहे, समजावत बसावं लागत नाही.

राईनकर
मोरपंखी आवडलं, पण माझ्या ओढ्यावरच्या नराला ते लागू नाही. त्याचा पट्टा शाईसारखा निळा.

ओढ्याकाठी
मग ‘निळ्या पट्ट्याची टाचणी’. अख्ख्या कुळासाठी ‘रुंदपंखी टाचण्या’. काम झालं. फक्त तुमच्याकडे कॅलॉप्टेरिक्स व्हिर्गोही असेल. तिच्या नराचा जवळजवळ सगळाच पंख गडद असतो आणि तिला गार, खळाळतं पाणी लागतं. दोघींना एकच नाव देऊ नका.

तिरकस मात्रा
व्हिर्गो म्हणजे कुमारिका. हे नाव शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसचं, 1758 मधलं. त्यानंच आणखी एका टाचणीला ‘पुएला’, म्हणजे मुलगी, म्हटलं. इंग्रजीत या रुंदपंखी टाचण्यांना म्हणतात ते फ्रेंचमधून गेलेलं ‘डेमॉझेल’ही कुमारीच. एवढ्या मुली गोळा केल्या, पण या प्रजातीत मिरवतात ते नर. आपली टाचणी शिवणाच्या डब्यातली, त्यामुळे त्या भानगडीत पडत नाही.

राईनकर
नाही कशी? टाचणी स्त्रीलिंगी आहे ना! माझं अडलेलं वाक्य बघा. मादीसमोर फडफडून झालं की नर कधी कधी पाण्यावर उतरतो, शेपटाचं टोक वर करतो आणि त्याची खालची फिकट बाजू तिला दाखवतो. आता ‘नर टाचणी पाण्यावर उतरते’ लिहू? मुलं विचारतील, नर आणि उतरते?

कातळ
‘टाचणीचा नर उतरतो.’ मुंगीचा नर, घारीचा नर म्हणतोच की आपण. ‘नर टाचणी’ हा मथळ्यातला मराठी अवतार आहे. क्रियापद कुणाच्या मागे लावायचं ते त्यालाच कळत नाही.

ओढ्याकाठी
सहमत. पहिल्या ओळीत एकदा ‘टाचणीचा नर’ लिहा, पुढे नुसतं नर आणि मादी. आणि मादीलाही दोन ओळी द्या. तिच्या पंखांवर पट्टा नसतो, हिरवट झाक असते, आणि टोकाजवळ छोटा पांढरा ठिपका. चित्रात तो राहून गेला तर मुलं तिला दुसरीच टाचणी समजतील.